शर्यत कंपन्यांची, खिसा गिऱ्हाइकाचा

ऑस्ट्रेलियात दर महिन्याच्या सुरुवातीला नव्या गाड्यांच्या विक्रीचे आकडे जाहीर होतात आणि जानेवारीत मागच्या सबंध वर्षाचा निकाल लागतो. आपल्याकडे दहावीच्या निकालानंतर शाळांच्या फाटकांवर फलक झळकतात, तोच थाट तिथं कंपन्यांच्या जाहिरातींचा असतो. २०२३ चा निकाल असा होता : फोर्ड रेंजर ६३,३५६, टोयोटा हायलक्स ६१,१११. २०१६ पासून सलग सात वर्षं पहिल्या नंबरावर बसलेली हायलक्स २,२४५ गाड्यांच्या फरकानं खाली आली. २०२४ मध्येही रेंजरच पहिली, ६२,५९३. रेंजरवाल्यांनी पेढे वाटायचं तेवढं बाकी ठेवलं आणि हायलक्सवाल्यांनी "पण हायलक्स कधी दगा देत नाही" हे पालुपद लावलं.

ऑस्ट्रेलियात विकल्या जाणाऱ्या या दोन्ही गाड्या मुख्यतः थायलंडमधून येतात.

हे साधं वाक्य त्या जल्लोषात कुणी मोठ्यानं म्हणत नाही. सुमारे पावणेतीन कोटी लोकसंख्येचा देश, वर्षाला बारा लाखांहून अधिक नव्या गाड्या घेतो, आणि २०१७ नंतर तिथं सर्वसामान्यांच्या वापराची गाडी बनवणारा एकही मोठा कारखाना उरलेला नाही. तरी 'आपली' गाडी आणि 'त्यांची' गाडी हा वाद तिथं भावकीच्या वादासारखा पिढ्यान्पिढ्या चालू आहे.

मी भाषेचा मास्तर. उर्दू आणि मराठी शिकवतो, गाड्यांची दलाली करत नाही. पण माझे काही जुने विद्यार्थी आता मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांत संसार थाटून आहेत, आणि आमच्या ग्रुपवर महिन्या-दोन महिन्यांनी हा वाद पेटतो. "सर, हायलक्स घेऊ की रेंजर?" या प्रश्नाला ग्रुपवर दहा उत्तरं येतात आणि दहाही उत्तरं कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या बाजूची असतात. घेणाऱ्याच्या बाजूचं एकही नसतं. उर्दूत एक चांगला शब्द आहे, तरफदारी. तरफ म्हणजे बाजू. वकीलही बाजू घेतो, पण पैसे घेऊन घेतो. गाड्यांचे हे तरफदार स्वतःच्या खिशातले चाळीस-पन्नास-साठ हजार डॉलर मोजून कंपनीची बाजू घेतात. माझा झगडा या फुकटच्या वकिलीशी आहे.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो : हायलक्स आणि रेंजर या 'यूट' आहेत. पुढं माणसांची केबिन, मागं उघडा हौदा. आपण ज्याला पिकअप म्हणतो तेच, फक्त आता आत चामड्याच्या सीटा आणि मोठा पडदा आला आहे. या यूटच्या जन्माची गोष्ट ऑस्ट्रेलियात लहान पोरालाही ठाऊक असते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हिक्टोरियातल्या एका शेतकऱ्याच्या बायकोनं फोर्ड कंपनीला पत्र लिहिलं : रविवारी नवऱ्याबरोबर चर्चला जाता येईल आणि सोमवारी डुकरं बाजारात नेता येतील, अशी एकच गाडी द्या, दोन घ्यायची ऐपत नाही. जिलाँगच्या कारखान्यात लुइस बँड्ट नावाच्या तरुण अभियंत्यानं तिचा आराखडा केला आणि १९३४ मध्ये ती गाडी बाजारात आली. गिऱ्हाइकानं गरज सांगितली आणि कंपनीनं गाडी केली, असा हा सरळ व्यवहार. पुढच्या नव्वद वर्षांच्या इतिहासात असा सरळ व्यवहार शोधायला गेलं तर दमछाक होते.

त्या इतिहासातलं सगळ्यात मोठं भांडण फोर्ड आणि होल्डन यांचं. होल्डन हे मूळ ॲडलेडमधलं १८५६ सालचं खोगिरांचं दुकान. पुढं मोटारींचे सांगाडे बनवायला लागलं आणि १९३१ मध्ये अमेरिकेच्या जनरल मोटर्सनं ते विकत घेतलं. १९४८ मध्ये पंतप्रधान बेन चिफ्ली यांच्या हस्ते पहिली होल्डन गाडी लोकांसमोर आली तेव्हा तिला 'ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी' म्हणून मिरवलं गेलं. मालक डेट्रॉइटचा, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. फोर्ड तर नावापासूनच अमेरिकन. म्हणजे दोन अमेरिकन कंपन्यांच्या हिशेबाच्या वह्यांपैकी कुठल्या वहीत आपला पैसा जावा, यावर एका देशानं दोन तट पाडले. आजोबा होल्डनवाले म्हणून बाप होल्डनवाला, बाप होल्डनवाला म्हणून पोरगा होल्डनवाला. फोर्डवाल्याशी सोयरीक जुळली तर घरात थट्टा.

या तटबंदीची जत्रा दर वर्षी ऑक्टोबरात बॅथर्स्टच्या डोंगरावर भरते. हजार किलोमीटरची शर्यत. होल्डनचा पीटर ब्रॉक ती नऊ वेळा जिंकला, लोकांनी त्याला डोंगराचा राजा केलं. १९८० मध्ये फोर्ड चालवणारा डिक जॉन्सन पुढं असताना रस्त्यावर आलेल्या एका दगडावर आपटला आणि गाडीचा चुराडा झाला. त्यानं सगळं किडूकमिडूक त्या गाडीत घातलं होतं. टीव्हीवर त्याचा रडवेला चेहरा पाहून देशभरातून लोकांनी फोन करून पैसे कबूल केले, आणि मग फोर्ड कंपनीनं तेवढीच भर घातली. क्रम लक्षात घ्या. आधी लोक, मग कंपनी. पुढच्या वर्षी जॉन्सन जिंकला आणि जाहिरात फोर्डची झाली.

१९९२ चा किस्सा मात्र मला जास्त बोलका वाटतो. पावसानं शर्यत अर्ध्यात थांबवावी लागली आणि नियमानुसार जिम रिचर्ड्स आणि मार्क स्काइफ यांच्या निसानला विजयी ठरवलं. गर्दीनं हुर्यो उडवली. त्याच शर्यतीत रिचर्ड्सचा मित्र डेनी हल्म गाडी चालवतानाच हृदयविकारानं गेला होता आणि ती बातमी नुकतीच रिचर्ड्सच्या कानावर आली होती. मंचावरून त्यानं गर्दीला जी शिवी हासडली ती इथं लिहिण्यासारखी नाही, पण त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही. पुढच्या वर्षापासून नियम बदलले आणि मुख्य गटात पाच लिटरच्या इंजिनाच्या होल्डन आणि फोर्ड यांचंच राज्य आलं. आणि ज्या निसानला परकी म्हणून हुसकावलं, ती कंपनी त्या वर्षापर्यंत मेलबर्नजवळ क्लेटनला कारखाना चालवून ऑस्ट्रेलियन कामगारांना पगार देत होती. तो कारखाना त्याच १९९२ मध्ये बंद झाला.

आता मैदानावर तरफदार एकमेकांच्या उरावर बसत असताना कंपन्या काय करत होत्या ते पाहू. १९८० च्या दशकाच्या मध्यात उद्योगमंत्री जॉन बटन यांनी ठरवलं की एवढ्याशा बाजारासाठी इतकी मॉडेलं बनवणं परवडत नाही. आयात शुल्क कमी करत जायचं आणि कंपन्यांनी आपसात मॉडेलं वाटून घ्यायची. झालं काय, तर कंपन्यांनी गाड्या त्याच ठेवून फक्त बिल्ले बदलले. टोयोटाची कोरोला 'होल्डन नोव्हा' झाली. टोयोटाची कॅमरी 'होल्डन अपोलो' झाली. निसानची पेट्रोल, म्हणजे ती मोठी फोर बाय फोर, 'फोर्ड मॅव्हरिक' झाली, आणि फोर्ड फाल्कनची यूट चक्क निसानचा बिल्ला लावून निसानच्या शोरूममध्ये उभी राहिली. सगळ्यात वरताण म्हणजे होल्डन कमोडोर. तिला टोयोटाचा बिल्ला लावून १९८९ पासून 'टोयोटा लेक्सन' म्हणून विकलं. हे नाव बेन लेक्सन यांचं. १९८३ मध्ये अमेरिकेकडून शिडाच्या होड्यांचा मोठा चषक हिसकावून आणणाऱ्या होडीचा हा आरेखनकार, ऑस्ट्रेलियाचा लाडका माणूस. म्हणजे गाडीचा मूळ आराखडा जर्मनीच्या ओपेलचा, कारखाना अमेरिकन मालकीच्या होल्डनचा, बिल्ला जपानी टोयोटाचा आणि नाव ऑस्ट्रेलियन वीराचं. ही गाडी घरासमोर लावून शेजारच्या होल्डनवाल्याला कुणी हिणवलं असेल तर तो कशावरून भांडत होता?

लोकांनी या बदली बिल्ल्यांना फारसा भाव दिला नाही, हे खरं. पण का दिला नाही? गाडी वाईट म्हणून नव्हे. गाडी तीच होती. बिल्ला 'आपला' नव्हता म्हणून. तोच माल, तेच इंजिन, आणि तरीही लोक मूळ बिल्ल्याकडेच वळले. कंपन्यांना यातून जो धडा मिळाला तो त्यांनी नीट घोटून पाठ केला : गिऱ्हाईक पत्र्यापेक्षा बिल्ला जास्त घेतं. तो धडा आजही चालू आहे. आजची फोक्सवॅगन अमारोक म्हणजे रेंजरची बहीण, दक्षिण आफ्रिकेत फोर्डच्या कारखान्यात बनते. माझदा बीटी-५० आणि इसुझू डी-मॅक्स एकाच साच्यातल्या. त्याआधीची बीटी-५० रेंजरच्या साच्यातली होती. ग्रुपवर "माझदा म्हणजे माझदा" असं ठणकावून सांगणाऱ्यानं एकदा बॉनेट उघडून पाहावं.

विक्रीच्या आकड्यांबद्दलही थोडं. कमोडोर १९९६ ते २०१० अशी सलग पंधरा वर्षं देशातली सर्वाधिक विकली जाणारी गाडी होती. याचा अर्थ पंधरा वर्षं लोकांनी तिलाच पसंती दिली, असा लावला जातो. पण त्यातला फार मोठा वाटा सरकारी खाती, पोलीस, कंपन्या आणि भाड्याच्या गाड्यांच्या घाऊक खरेदीचा होता. फाल्कनचंही तेच, वर टॅक्सीवाले. आज हायलक्स आणि रेंजरच्या आकड्यांत खाणींच्या, बांधकाम कंपन्यांच्या, सरकारी खात्यांच्या ताफ्यांची भर असते. खाण कंपनीचा खरेदी अधिकारी शेकड्यांनी गाड्या घेतो तेव्हा तो भाव, सेवेचा करार आणि सुटे भाग बघतो. त्याच्या आकड्याला पाहून टार्नीटमधला एखादा नोकरदार "सगळे घेतात म्हणजे चांगलीच असणार" म्हणून एकटा शोरूममध्ये जातो, आणि त्याला ना तो भाव मिळतो ना तो करार. शिवाय हे आकडे कंपन्यांच्याच संघटनेमार्फत गोळा होतात. २०२४ मध्ये प्रदूषणाच्या नियमांवरून या संघटनेशी बिनसल्यावर टेस्ला आणि पोलस्टार बाहेर पडल्या, तेव्हा सगळ्या गाड्यांचा हिशेब एका जागी मिळणंही बंद झालं. परीक्षा घेणारे तेच, पेपर तपासणारे तेच आणि पेढे वाटणारेही तेच.

पण पसंतीचा खरा कर्ता करवता बघायचा तर कराच्या नियमांत बघावा लागतो. ऑस्ट्रेलियात ठरावीक किमतीच्या वरच्या गाडीवर आलिशान गाड्यांचा कर लागतो, वरच्या रकमेवर ३३ टक्के. मात्र मुख्यतः माल वाहण्यासाठी बनवलेल्या वाहनाला तो माफ. त्यामुळं एखादी बेताची महाग मोटार कराच्या जाळ्यात सापडते आणि तिच्याहून कितीतरी महाग अमेरिकन पिकअप, जिच्या हौद्यात कधी सिमेंटची गोणी पडत नाही, ती सुटते. मालकानं कामगाराला दिलेल्या गाडीवर जो सुविधा कर बसतो, त्यातूनही कामापुरत्या वापरल्या जाणाऱ्या यूटला सूट आहे. धंद्याच्या हिशेबात गाडीची किंमत वजा करताना प्रवासी गाडीला मर्यादा आहे, टनभर माल उचलणाऱ्या यूटला नाही. करोनाच्या काळात सरकारनं धंदेवाल्यांना अख्खी किंमत एकाच वर्षी वजा करू दिली. मग छोटा धंदा करणारा प्रत्येक माणूस डबल-कॅब यूट घेणार नाही तर काय करणार? यात हायलक्सचा पराक्रम किती आणि आयकर सल्लागाराचा किती, हे कुणी वेगळं काढून दाखवावं.

गंमत अशी की हा आलिशान गाड्यांचा कर देशी कारखान्यांना आधार देतो असं समर्थन वर्षानुवर्षं होत आलं. कारखाने गेले, कर राहिला. कराच्या भिंतीनं आज कुणाचं रक्षण होत असेल तर थायलंडमधून येणाऱ्या यूटचं.

दुसरी बाजू प्रदूषणाच्या नियमांची. प्रगत देशांत नव्या गाड्यांच्या धुराला एकत्रित मर्यादा घालणारा कायदा कधीच आला होता; ऑस्ट्रेलियात तो १ जानेवारी २०२५ ला लागू झाला. तोवर दुसरीकडं न खपणारी जुनी इंजिनं इथं खुशाल विकता येत होती. कायदा येतोय म्हटल्यावर कंपन्यांच्या संघटनेनं गाड्या महागतील, लाडक्या यूट बंद पडतील अशी ओरड केली. शेवटी सरकार काही पावलं मागं आलं. लँडक्रूझर, पेट्रोल यांसारख्या अवजड गाड्या प्रवासी गटातून काढून हलक्या मालवाहू गटात टाकल्या गेल्या, कारण त्या गटाची मर्यादा ढिली. २०२५ साठी प्रवासी गाड्यांना किलोमीटरमागं १४१ ग्रॅम, या गटाला २१०. या सगळ्या काळात रेंजर आणि हायलक्स हे प्रतिस्पर्धी एकाच संघटनेत, एकाच टेबलाला बसत होते. भांडत होते ते फक्त त्यांचे तरफदार.

आता पैशाचं बोलू. ऑस्ट्रेलियाच्या उत्पादकता आयोगानं २०१४ मध्ये हिशेब मांडला की १९९७ ते २०१२ या काळात मोटार उद्योगाला शुल्क आणि अनुदानांच्या रूपानं सुमारे ३० अब्ज डॉलरचा आधार मिळाला. एकट्या होल्डननं १२ वर्षांत केंद्राकडून दोन अब्ज डॉलरहून अधिक मदत घेतल्याचं स्वतः सांगितलं. ही मदत देणं कुठल्याच सरकारला टाळता येत नव्हतं, कारण होल्डन बंद पाडणारा मंत्री म्हणून कोण मिरवणार? म्हणजे लोकांचं प्रेम हीच कंपनीची सरकारदरबारची हुंडी होती. डिसेंबर २०१३ मध्ये अर्थमंत्री जो हॉकी यांनी संसदेत होल्डनला थेट आव्हान दिलं, राहणार की जाणार ते सांगा. दुसऱ्याच दिवशी कंपनीनं जाणार असल्याचं जाहीर केलं. हॉकींचा तोरा मलाही रुचत नाही, कारण कामगारांच्या पोटाचा प्रश्न पैजेच्या भाषेत विचारत नाहीत. पण सत्तर वर्षांच्या 'आपल्या' गाडीनं एका दिवसात उत्तर दिलं, हे विसरून चालणार नाही.

ऑक्टोबर २०१६ मध्ये फोर्डचे ब्रॉडमेडोज आणि जिलाँगचे कारखाने बंद झाले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आधी टोयोटाचा आल्टोनाचा आणि मग २० तारखेला होल्डनचा एलिझाबेथचा. तोवर सुट्या भागांच्या पुरवठादारांचं कंबरडं मोडलं होतं. तिघांनी एकमेकांना मारलं असं नव्हे. तिघंही एकाच पुरवठादारांवर उभे होते, एक हलला की दुसऱ्याचा खर्च वाढणार हे ठरलेलं होतं. होल्डनवाला फोर्ड बंद पडल्यावर हसला असेल तर तो स्वतःच्या घराची तुळई कोसळताना हसला.

त्यानंतर होल्डननं जर्मनीहून ओपेल आणून तिला कमोडोर नाव दिलं. ज्या ओपेलला जनरल मोटर्सनं २०१७ मध्येच विकून टाकलं होतं! निष्ठावंतांनी ती घेतली नाही. २००२ मध्ये पावणेदोन लाखांवर असलेली होल्डनची विक्री २०१९ मध्ये ४३,१७६ वर आली, आणि १७ फेब्रुवारी २०२० ला डेट्रॉइटनं होल्डन हे नावच मिटवलं. देशभरातले १८५ च्या आसपास डीलर रस्त्यावर आले आणि भरपाईसाठी सिनेटच्या समितीपुढं गाऱ्हाणं घेऊन गेले. कारण सांगितलं गेलं ते असं की उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाड्या वेगळ्या बनवणं आता परवडत नाही. दीडशे वर्षांचं नाव, नऊ वेळा डोंगराचा राजा, पिढ्यांची भांडणं, आणि निकाल लागला तो स्टिअरिंग कुठल्या बाजूला आहे यावर.

इथं हा विषय आपल्या दाराशी येतो, कारण आपणही उजव्या स्टिअरिंगचे. याच जनरल मोटर्सनं २०१७ अखेर भारतात शेव्हरोले विकणं बंद केलं. पुण्याजवळचा तळेगावचा कारखाना फक्त निर्यातीसाठी चालू ठेवला आणि डिसेंबर २०२० मध्ये तोही थांबवला. हजारावर कामगार नोकरीला मुकले आणि कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले. होल्डनची घोषणा झाली त्याच सुमारास थायलंडमधला रायोंगचा कारखाना चीनच्या ग्रेट वॉलला विकायचं ठरलं आणि तळेगावचाही सौदा त्याच ग्रेट वॉलशी झाला होता. भारत सरकारची परवानगी न मिळाल्यानं तो फिसकटला आणि पुढं कारखाना ह्युंदाईकडे गेला. एलिझाबेथ, रायोंग, तळेगाव ही एकाच वहीतली तीन खाती होती. तळेगावातल्या कामगाराला बॅथर्स्टचं नावही ठाऊक नसेल, पण त्याची नोकरी आणि होल्डनचा बिल्ला एकाच हिशेबात गेले. आणि आज तीच ग्रेट वॉल, जीडब्ल्यूएम या नावानं, ऑस्ट्रेलियात होल्डनच्या रिकाम्या जागेत यूट विकते आहे.

कुणी म्हणेल, सर, चुरस असते म्हणूनच गाड्या सुधारतात. अर्धं खरं आहे. आजची रेंजर बरीचशी ऑस्ट्रेलियातल्या अभियंत्यांनीच घडवली आहे आणि ती गाडी म्हणून उत्तम आहे, यात वाद नाही. पण गिऱ्हाइकाच्या पदरात पडलेला एक मोठा फायदा बघा : वॉरंटी. फोर्ड आणि होल्डन दशकानुदशकं एकमेकांशी झुंजले, वॉरंटी मात्र तीन वर्षांवर रेंगाळत राहिली. २०१४ मध्ये किया नावाच्या, तेव्हा किरकोळ समजल्या जाणाऱ्या कोरियन कंपनीनं सात वर्षांची दिली, तेव्हा कुठं बाकीचे हलले. टोयोटा पाच वर्षांवर आली ती २०१९ मध्ये. म्हणजे फायदा दिला तो ज्याचा कुणी तरफदार नव्हता त्यानं. ज्याला गिऱ्हाईक जाण्याची भीती नाही, तो कशाला देईल? आपण जन्मभर तुमचेच, असं दुकानदाराला सांगून मग भाव करायला बसणारा माणूस बाजारात शहाणा ठरत नाही.

पहिल्या नंबराच्या गाडीबद्दलही ऐकून घ्या. २०१५ ते २०२० या काळात विकलेल्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर यांच्या डिझेलच्या धुराची गाळणी सदोष होती, असं २०२२ मध्ये फेडरल कोर्टानं ठरवलं. गाड्या किती? २,६४,१७०. भरपाई किती द्यायची हा वाद हायकोर्टापर्यंत गेला. ही तीच वर्षं, जेव्हा हायलक्स पहिली येत होती आणि "कधी दगा देत नाही" म्हणून गाजत होती. आणि रेंजरवाल्यांनी लगेच टाळ्या पिटू नयेत. फिएस्टा, फोकस आणि इकोस्पोर्टच्या गिअरबॉक्सच्या तक्रारी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांशी ज्या रीतीनं वागलं गेलं, त्याबद्दल फोर्डला २०१८ मध्ये एक कोटी डॉलरचा दंड झाला आहे. विक्रीच्या यादीत यातलं काहीच दिसत नाही. तिथं फक्त गाडी शोरूममधून बाहेर पडल्याची नोंद होते, गॅरेजमध्ये परत आल्याची नाही.

आता चिनी गाड्या आल्यात. बीवायडी, एमजी, चेरी, जीडब्ल्यूएम. आमच्या ग्रुपवर नवी फळी तयार झाली आहे, बीवायडीवाले. भाषा तीच, बिल्ला नवा. आणि एक देशाभिमानी फळीही आहे, जी म्हणते महिंद्रा घ्या, आपली गाडी आहे, चाकणला बनते. चाकणला बनते हे खरंच, मलाही त्याचा आनंद आहे. पण स्कॉर्पिओला भारतीय गाड्यांच्या ग्लोबल एनकॅप चाचणीत २०२२ मध्ये पाच तारे मिळाले आणि २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ॲनकॅप चाचणीत शून्य. गाडी एका वर्षात बिघडली नाही. तिथले गुण देण्याचे निकष कडक आहेत आणि आपोआप ब्रेक लावणाऱ्या यंत्रणेसारख्या गोष्टी तिच्यात नव्हत्या. हे सांगितल्यावर एका माजी विद्यार्थ्यानं मला देशाचा अपमान केल्यासारखं सुनावलं. त्याच्या मागच्या सीटवर दोन लहान मुलं बसतात. अपमानाचा विचार त्यानं त्यांच्या बाजूनं करावा.

तर मेलबर्न-सिडनीच्या मंडळींनो, शोरूममध्ये जाल तेव्हा 'नंबर एक' लिहिलेल्या फलकाकडं पाठ करून बसा आणि विक्रेत्याला हे विचारा. ॲनकॅपचे तारे किती, आणि ते कुठल्या सालच्या चाचणीचे? याच साच्यातली गाडी दुसऱ्या बिल्ल्यानं कोण विकतं आणि काय भावानं? दहा वर्षांची वॉरंटी म्हणता, ती तुमच्याच गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग केलं तरच का? हौद्यात मी वर्षातून किती वेळा माल टाकणार आहे, हे तर स्वतःलाच विचारा. नोकरदार असाल, धंदा नसेल, तर यूटवरच्या त्या सवलतींतली कुठली तुमच्या वाट्याला येते ते हिशेबनिसाकडून लिहून घ्या. बहुतेकांच्या वाट्याला फक्त डिझेलचा खर्च आणि पार्किंगची अडचण येते. आणि कंपनी उद्या बाजार सोडून गेली तर सुटे भाग किती वर्षं मिळतील? होल्डनच्या मालकांना जनरल मोटर्सनं किमान दहा वर्षांचा शब्द दिला होता. तो शब्द २०२० चा आहे.